बंदुकीचा घोडा

गेल्या वर्षीं मे महिन्यांत दोन दिवस माझ्या सदऱ्याच्या खिशांत लोखंडाचा एक तुकडा होता. लांबीला तो माझ्या करंगळीपेक्षां थोडा आंखूड. एका अंगास पक्ष्याच्या चोंचीसारखा बांक, आणि दुसऱ्या अंगास, मानेपाशीं, नुकताच तुटलेला. हा तुकडा भिसेगांवाहून पुण्यास पाठवून द्यावयाचा, एवढें काम काकांनीं मला सांगितलें होतें. उन्हाळ्याच्या सुटींत गांवीं आलेल्या प्राध्यापकास घरचीं माणसें जीं किरकोळ कामें सांगतात त्यांतलेंच हें एक, असें समजून मी सकाळचा चहा घेऊन बाहेर पडलों. त्या कामास पुढें नऊ महिने लागले.

तो तुकडा म्हणजे आमच्या घरच्या ठासणीच्या बंदुकीचा घोडा. चाप ओढतांच जो पुढें येऊन केपेवर आपटतो आणि ठिणगी पाडतो, तो. बंदूक आजोबांची. भिसेगांव आज कर्जत शहरांतच मोडतें. मुंबईहून आलेल्या गाड्यांना घाट चढविणारीं इंजिनें कर्जत स्टेशनांत मागून जोडतात, त्यांची खडखड रात्रीं आमच्या माजघरांत ऐकूं येते. आजोबांच्या काळीं मात्र शेताच्या बांधापर्यंत रान आलेलें असे, आणि भात निसवूं लागलें कीं रानडुकरें एका रात्रींत अख्खें खाचर लोळवून जात. आजोबा माळ्यावर बसून आकाशाकडे बार काढीत. डुक्कर मारल्याची एकहि कथा आमच्या घरांत नाहीं. त्या बंदुकीनें आजवर जें काय केलें तें सारें आवाजानें केलें. आजोबांमागून परवाना वडिलांकडे आला, वडिलांमागून काकांकडे. शेतें बरींचशीं गेलीं. जेथें खाचरें होतीं तेथें आतां इमारती आहेत. डोंगराच्या अंगाचा एक पट्टा तेवढा राहिला आहे. त्यांत काका अजून भात लावतात, आणि डुकरेंहि अजून येतात. काकांचें वय चौऱ्याऐंशी. त्यांना मूलबाळ नाहीं.

पुण्यास बंदुका दुरुस्त करण्याचा परवाना असलेला एक जुना कारागीर आहे. त्यानें फोनवर सांगितलें कीं, बंदूक आणण्याचें कारण नाहीं. तुटलेला घोडा नमुन्यासाठीं धाडा, तसाच नवा घडवून देतों. मला हें फार सयुक्तिक वाटलें. घरपोच पार्सलें नेणाऱ्या एका कंपनीच्या दुकानांत मी प्रथम गेलों. तेथल्या मुलानें विचारलें, "आंत काय आहे, सर?"

मी खरें बोलणारा मनुष्य आहें, म्हणजे खोटें बोलण्याचें धाडस माझ्या अंगीं नाहीं. "बंदुकीचा घोडा," मीं सांगितलें.

त्यानें तो तुकडा तापलेल्या विस्तवासारखा चटकन् खालीं ठेवला. "बंदूक चालत नाहीं."

"ही बंदूक नव्हे. बंदुकीचा एक तुटका भाग आहे."

"भागहि चालत नाहीं."

"असें कोठें लिहिलें आहे?"

"लिहिलेलें मला ठाऊक नाहीं, सर. पण चालत नाहीं."

दुसऱ्या ठिकाणचे गृहस्थ वयानें मोठे आणि स्वभावानें दयाळू होते. त्यांनीं इकडे तिकडे पाहिलें आणि हलक्या आवाजांत मला सल्ला दिला, "साहेब, पार्सलावर 'दाराची कडी' असें लिहा ना. कोण बघतो?" तिसऱ्या ठिकाणीं नुसती मान हालली.

दाराची कडी म्हणून तो तुकडा त्याच दिवशीं पुण्याच्या वाटेला लागला असता, यांत मला शंका नाहीं. ती सूचना मीं मानली नाहीं याचें श्रेय मी घेत नाहीं. पार्सलें यंत्रांतून पाहतात असें मीं ऐकलें होतें, आणि दाराची कडी बंदुकीच्या घोड्यासारखी कां दिसते याचा खुलासा करण्याची माझी तयारी नव्हती. पण परततांना एक गोष्ट मनांत घोळत राहिली. नियम मोडण्याची वाट मला ज्यानें दाखविली तो नियम पाळणाराच मनुष्य होता. खरें सांगणाराला दार बंद, आणि तेंच दार खोटें सांगणाराला सताड उघडें, अशी ही व्यवस्था. आणि ती कोणीं मुद्दाम केली होती असेंहि नव्हे.

वाटेंत लोहाराचें दुकान लागलें. मीं तुकडा त्याच्या हातावर ठेवला. त्यानें तो उलटसुलट करून पाहिला. त्याच्या मुद्रेवरून मला कळलें कीं, असा घोडा तो भाता चालू असतांनाच घडवून देईल. परंतु त्यानें तो परत माझ्या हातांत दिला. "सर, विळा द्या, कोयता द्या. हें नको."

लोहाराचें बरोबर होतें. रात्रीं मीं कायदा वाचावयास घेतला तेव्हां त्याचें उत्तर मला पांचव्या कलमांतच मिळालें: बंदुकीची दुरुस्तीहि परवान्यावांचून करतां येत नाहीं. तीस वर्षें मी मुलांना ग्रंथ वाचावयास शिकवितों आहें, पण ज्या देशांत राहतों तेथला एखादा कायदा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची माझ्या आयुष्यांतील ही पहिलीच वेळ. १९५९ चा शस्त्र कायदा हा कांहीं रूक्ष ग्रंथ नाहीं. त्याच्या व्याख्येंत शस्त्रांचे भाग आणि शस्त्रें बनविण्याचीं यंत्रें हींहि शस्त्रेंच गणलीं आहेत. म्हणजे पार्सलवाला मुलगा अगदींच चुकला नव्हता. त्याच व्याख्येंतून लाठी, हातांतली साधी काठी, आणि ज्याचें कधीं खरें हत्यार होऊं शकत नाहीं असें खेळणें वगळलें आहे. तेराव्या कलमांत तर आमच्या आजोबांचीच गांठ पडली: पिकाच्या रक्षणासाठीं प्रामाणिकपणें मागितलेली ठासणीची बंदूक तेथें नांवानिशीं आलेली आहे. दिल्लींत बसून कायदा लिहिणाऱ्यांना माळ्यावरचा शेतकरी ठाऊक होता, हें पाहून मला बरें वाटलें.

पंचेचाळिसाव्या कलमापाशीं मात्र मी रात्रीं बारापर्यंत अडकून पडलों. शस्त्राचे किरकोळ भाग बाळगण्यास वा नेण्यास तें कलम मोकळीक देतें. पण अट अशी कीं, त्यांना पूरक असलेल्या भागांसह ते वापरण्याचा हेतु नसावा, मग ते पूरक भाग आपल्याजवळ असोत कीं दुसऱ्या कोणाजवळ. आतां आमचे पूरक भाग ओटीवरच्या खुंटीला टांगलेले. म्हणजे ज्याच्या घरीं बंदूक नाहीं त्यानें असा घोडा खिशांत घालून खुशाल हिंडावें. आणि ज्याच्याजवळ परवान्याची बंदूक आहे त्याचा घोडा मात्र संशयित! पण माझा घोडा तर तुटलेला. तो कोणत्याच बंदुकीला बसणार नव्हता. त्याचा उपयोग केवळ नमुना म्हणून. मग तो भाग म्हणावयाचा कीं भागाचा अवशेष? त्याच कलमांत आणखी एक सवलत आहे: जुन्या पद्धतीचें वा पुराणवस्तु म्हणून मोल असलेलें किंवा मोडकें शस्त्र, दुरुस्ती करून वा न करतां, बंदूक म्हणून वापरतां येण्यासारखें नसेल, तर तें कायद्याच्या कक्षेबाहेर. सकाळीं मीं हें काकांना समजावून सांगितलें. "काका, तुम्ही ही बंदूक कायमची निकामी करून घेतलीत, तर कसलाच परवाना नको." काका सुपारी कातरीत होते. ते म्हणाले, "अरे, ती दुरुस्त होण्यासारखी आहे म्हणून तर हा खटाटोप. निकामी करावयाची तर घोडा तुटला तेव्हांच झाली असती."

ही सारी कडक तपासणी कोठून आली, हें ज्याला आपला इतिहास ठाऊक आहे त्याला सांगावयास नको. लॉर्ड लिटनच्या अमदानींत १८७८ सालीं दोन कायदे झाले: एक देशी भाषांतील वृत्तपत्रांचें तोंड बांधणारा, दुसरा देशी माणसाचें हत्यार काढून घेणारा, आणि गोऱ्या लोकांना या दुसऱ्यांतून सूट. पुढच्याच वर्षीं आमच्या जिल्ह्यांतील शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनीं बंड उभारलें. वृत्तपत्रांचा कायदा चार वर्षांतच गेला. हत्यारांचा मात्र राज्यकर्ते जाईपर्यंत टिकला, आणि ते गेल्यावरहि टिकला. काँग्रेसनें आपल्या आरंभीच्या अधिवेशनांपासून त्याविरुद्ध तक्रार केली. १९३१ च्या कराची अधिवेशनांत मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कहि होता. १९४३ च्या २ जानेवारीस सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनीं पडले. आमच्या तालुक्यांत तो दिवस अजून पाळला जातो. आणि १९४८ सालीं, जेव्हां घटना परिषदेंत हरि विष्णु कामतांनीं शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेंत घालावा अशी सूचना आणली, तेव्हां ती मान्य झाली नाहीं. स्वतंत्र देशानें पुढें स्वतःचा कायदा केला तो १९५९ सालीं, आणि तो अमलांत आला १९६२ च्या ऑक्टोबरांत.

मीं तरुणपणीं या इतिहासावर आवेशानें बोललों असतों. आतां तसा आवेश येत नाहीं. कामतांची सूचना नाकारली गेली हें बरेंच झालें, असें मला अलीकडे वाटतें. अमेरिकेंत हा हक्क घटनेंत १७९१ पासून आहे. तेथल्या १९६८ च्या कायद्यानें रेषाहि मोठी स्वच्छ आंखली आहे: ज्यांत बाकीची यंत्रणा बसविली जाते तो सांगाडा म्हणजे बंदूक, घोडा, चाप, दस्ता हे नुसते सुटे भाग. तेथें माझा तुकडा कोणीहि टपालानें धाडला असता. परंतु त्याच देशांत शाळेंतल्या मुलांना गोळीबार झाला तर बाकाखालीं कसें लपावें याची तालीम द्यावी लागते. असल्या सोयीपेक्षां आमची गैरसोय बरी. कायदा कडक आहे ही माझी तक्रार नाहींच. तक्रार एवढीच कीं, कायद्यानें विचार करून जेथें दार किलकिलें ठेवलें आहे, तेथेंहि तें उघडून पाहण्यास कोणी तयार नसतो. न वाचतां "नाहीं" म्हणणें सर्वांत निर्धोक. "हो" म्हणणाराला उद्यां कोणी जाब विचारील. "नाहीं" म्हणणाराला कोण विचारणार?

असा मी आराम खुर्चींत पडून दुपारभर त्या पार्सलवाल्या मुलाचा न्याय करीत होतों, आणि एकाएकीं मला बावीस वर्षांपूर्वींची एक सकाळ आठवली. परीक्षेच्या मांडवाशीं मी उभा होतों. एक विद्यार्थिनी धांवत आली. गाड्या बंद पडल्यामुळें तिला अर्ध्या तासावर पांच मिनिटें उशीर झाला होता. अर्ध्या तासानंतर कोणास आंत घ्यावयाचें नाहीं, हें मला ठाऊक होतें. मीं तसें सांगितलें. तिनें विचारलें, "सर, असें कोठें लिहिलें आहे का?" मला तो प्रश्न उद्धटपणाचा वाटला. ती परत गेली; तिचें वर्ष गेलें. पुढें कित्येक महिन्यांनीं कांहीं निमित्तानें मीं तें नियमांचें पुस्तक उघडलें, तेव्हां त्याच नियमाखालीं एक ओळ दिसली: योग्य कारण असल्यास मुख्य पर्यवेक्षकानें सवलत द्यावी. मुख्य पर्यवेक्षक त्या दिवशीं मीच होतों. ही ओळ मीं आजवर कोणालाहि सांगितली नव्हती. पार्सलवाल्या मुलाला पगार किती मिळतो, त्याला कायद्याचें पुस्तक कोण देणार, आणि त्याची नोकरी किती घट्ट, हें सारें मनांत धरलें तर त्याचा अपराध माझ्यापेक्षां लहान आहे. माझ्या हातीं पुस्तक होतें, अधिकार होता, आणि पोटाला भीति नव्हती.

त्यानंतर मीं त्रागा करणें सोडलें, आणि आम्हीं दोघांनीं अर्ज लिहिला. परवान्यावर क्षेत्र तालुक्यापुरतें लिहिलेलें. तेव्हां बंदूक, तिच्या तुटलेल्या घोड्यासह, दुरुस्तीसाठीं पुण्यास नेऊन परत आणण्याची परवानगी मागावयाची. अर्ज काकांनीं स्वतःच्या अक्षरांत लिहिला. मोडी शिकलेल्या वडिलांच्या हाताखालीं घटविलेलें तें अक्षर. एकहि खाडाखोड नाहीं. मीं पंचेचाळिसाव्या कलमाचा उल्लेख करावा असें सुचविलें. काका म्हणाले, "कलम त्यांना ठाऊक असेल. आपण आपलें काय झालें तेवढें लिहावें." अर्ज गेला. पावसाळा आला. भात निसवलें, डुकरें आलीं, आणि चौऱ्याऐंशी वर्षांचा मनुष्य पत्र्याचा डबा बडवीत बांधावर उभा राहिला. त्या दिवसांत ते मला फोनवर त्याविषयीं कांहीं बोलत नसत. आवाज बसलेला असे, त्यावरून मी समजें.

मध्येंच निवडणुका आल्या, आणि परवान्याचीं हत्यारें जमा करण्याचा हुकूम निघाला. काका बंदूक घेऊन चौकींत गेले. पावतीवर लिहिलें गेलें: ठासणीची बंदूक एक, घोडा नाहीं. काकांनीं खिशांतून तुकडा काढून विचारलें, "हाहि जमा करूं ना?" तेथला शिपाई हंसला. "तो कशाला, आजोबा? राहूं द्या तुमच्याजवळ." जो तुकडा एका खिडकीवर अख्खी बंदूक ठरला होता, तो दुसऱ्या खिडकीवर कांहींच नव्हता. काकांनीं तो सुपारीच्या डब्यांत ठेवला.

अर्जाचें काय झालें हें पाहण्यासाठीं मी जानेवारींत रजा काढून गेलों. मेजावर एक तरुण बाई होत्या. त्यांनीं आमचा कागद शोधून काढला आणि, ही गोष्ट मीं मुद्दाम पाहिली, तो शेवटपर्यंत वाचला. मग विचारलें, "तुटलेला घोडा म्हणजे त्यानें बंदूक उडत नाहीं, बरोबर? आणि दुरुस्त करणाराचा परवाना आहे?" मीं दोन्हींना होकार दिला. "मग त्या परवान्याची नक्कल जोडा," त्या म्हणाल्या. आठ दिवसांत सहीशिक्क्याचा कागद आला. नऊ महिने त्या कागदाला एका नकलेची वाण होती, आणि तें आम्हांला सांगण्यासाठीं कोणीतरी तो वाचावयास हवा होता.

फेब्रुवारींत आम्हीं घाट चढलों. काकांनीं बंदूक जुन्या धोतरांत गुंडाळून मांडीवर घेतली होती. वाटेंत दोनदां कागद तपासले गेले, आणि दोन्ही वेळां त्यांनीं ते विचारण्याआधींच पुढें केले. कारागीरानें घोडा उजेडाकडे धरून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं नवा बसवून दिला. काकांनीं घोडा ओढून सावकाश सोडला. खट्ट आवाज झाला. ते मला म्हणाले, "वडिलांच्या वेळीं असाच वाजे." मला तो आवाज आठवत नव्हता, पण मीं मान हालविली.

भिसेगांवीं परतल्यावर बंदूक खुंटीवर गेली. काकांनीं अर्जाची नक्कल, पावती, परवानगीचा कागद, कारागीराचें बिल, आणि एका पुडींत तो तुटका घोडा, असें सारें एका कापडी पिशवींत बांधलें. "हें कशाला ठेवतां?" मीं विचारलें. "पुढच्याला लागेल," ते म्हणाले.

पुढचा म्हणजे मी. २०१६ च्या नियमांप्रमाणें परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, अथवा पंचवीस वर्षें हत्यार त्याच्याकडे असलें, कीं त्याच्या हयातींतच वारसाला परवाना मागतां येतो. काकांनीं हें मला तोंडानें कधीं सांगितलें नाहीं. मला बंदूक हवी आहे का, हें माझें मला अजून कळलेलें नाहीं. तो पट्टा मी कसणार आहें का, हा खरा प्रश्न, आणि त्याचें उत्तर त्यांच्याहि मनांत असावें. परवां निघतांना त्यांनीं ती पिशवी माझ्या हातांत दिली नाहीं. कोठें ठेवली आहे एवढें दाखविलें.